तुका वैद्याच्या उजव्या बरगडीखाली

मित्रांनो, मी यकृत बोलतोय. नवं कोरं नाही, साठीला टेकलेलं, बरंच काही पचवलेलं जुनं यकृत. मोखाड्यापासून थोडं जीपने आणि मग बरंच पायी गेलं की डोंगराच्या उतारावर आमचा पाडा लागतो. तिथे तुका राहतो आणि तुकाच्या पोटात, उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला मी राहतो. माझ्या डोक्यावर पडद्यासारखा एक स्नायू आहे. तुकाने श्वास घेतला की तो मला खाली ढकलतो, सोडला की वर घेतो. डावीकडे जठर, खाली आतडी, पाठीमागे मूत्रपिंड. शेजार तसा चांगला आहे.

आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात शंका नको. यकृताची कहाणी म्हटली की लोक लगेच विचारतात, "कुण्या दारुड्याचं का?" माझा तुका दारू पीत नाही. म्हणजे त्याला पिता येत नाही. तो काविळीचं औषध देतो, आणि औषध देणाऱ्याने औषधाच्या दिवशी थेंबालाही शिवायचं नाही, असा त्याच्या बापाने घालून दिलेला नेम आहे. वार ठरलेले आहेत, रविवार आणि बुधवार. पण लांबून डोंगर चढून आलेल्याला 'परवा ये' असं कसं सांगणार? त्यामुळे सगळेच वार औषधाचे होतात. मोहाच्या दिवसांत अख्खा पाडा खुशीत असतो, तेव्हा हा ओटीवर चुन्याची डबी घेऊन कोरडा बसलेला असतो. त्याच्या या दुःखात माझं सगळं सुख आहे.

दिसायला मी लालसर तपकिरी. उजवा भाग मोठा, डावा लहान. वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे पोटातल्या सगळ्या मंडळींत थोरला मीच. आतून मी लाखो बारीक सहाकोनी खोल्यांचा बनलो आहे, अगदी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. माझ्याकडे रक्ताच्या दोन वाटा येतात. एक हृदयाकडून येते, ताजी आणि स्वच्छ. दुसरी आतड्यांकडून येते, आणि तुकाने जे जे गिळलं असेल ते तिच्यातून आधी माझ्या दारात येऊन उभं राहतं. नाचणीची भाकर, गोळ्या, कडू पाला, आठवडे बाजारातली सकाळची भजी संध्याकाळी. चांगलं असेल ते मी ठेवून घेतो, घातक असेल ते निकामी करतो, आणि उरलेलं पुढे पाठवतो. शिवाय मी पित्त बनवतो. माझ्या खाली हिरवी पिशवी लटकलेली असते, ते पित्ताशय. त्यात ते साठतं आणि तेलकट खाल्लं की आतड्यात उतरतं. तेल पचतं ते त्यामुळे. नाव मात्र जठराचं होतं.

हृदयाबद्दल मला काही बोलायचं नाही. ते धडधडतं, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहतं. मी आवाज करत नाही. माझ्या आत दुखणं कळवणाऱ्या नसाही नाहीत. माझं वरचं आवरण ताणलं गेलं तरच काय ते दुखतं. गप्प राहून काम करणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते माझ्या वाट्याला आलं, एवढंच म्हणतो.

तुका आईच्या पोटात होता तेव्हा काही महिने त्याचं रक्तसुद्धा मी बनवत होतो. पुढे ते काम हाडांनी घेतलं. तो पोरगेला असताना घरची माणसं वीटभट्टीवर जायची, आणि कधी कधी दिवसभर नुसत्या आंबिलीवर निभायचं. तेव्हा मी साठवलेली साखर थोडी थोडी करून रक्तात सोडायचो, म्हणून त्याचे पाय चालायचे. एकदा कोयता नडगीवर बसला. येसूने, म्हणजे त्याच्या नव्या नवरीने, जखमेवर पाला चोळला आणि रक्त थांबलं. रक्त गोठायला लागणारा माल मी पाठवला होता, पण कौतुक पाल्याचं झालं. मी काही मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

आता तुकाच्या औषधाबद्दल सांगतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. पेशंट आला की तुका त्याचे हात चुन्याच्या निवळीने आणि आंब्याच्या सालीच्या रसाने चोळतो. खाली काशाची थाळी असते. थाळीतलं पाणी पिवळं होतं. मग तुका म्हणतो, "उतरली." सगळे मान डोलावतात. चुना आणि ती साल एकत्र आली की पाणी कोणाच्याही हाताखाली पिवळं होतं, पण निरोगी माणसाचे हात कोणी कधी धुऊन पाहिलेच नाहीत. नंतर तुका पथ्य सांगतो. तेल नाही, मासळी नाही, दारू नाही, उन्हात काम नाही, पडून राहायचं, उसाचा रस प्यायचा. हे पथ्य खरं कामाचं. तेवढी विश्रांती मिळाली की बहुतेकांच्या पोटातले माझे भाऊबंद सूज उतरवून स्वतःला दुरुस्त करायचे. आम्हाला ते जमतं. आमचा मोठा तुकडा कापून काढला तरी आम्ही पुन्हा वाढतो. दोन-तीन आठवडे माझे भाऊबंद राबायचे आणि श्रेय थाळीला मिळायचं.

तेही चाललं असतं. पण पेशंटला आडवं पाडून तुका पोट दाबून बघायचा, ते डावीकडे. मित्रांनो, डावीकडे प्लीहा राहते. ती बिचारी दचकायची. ज्याचा उभा जन्म यकृतांवर गेला, ज्याच्या घरची चूल यकृतांनी पेटवली, त्याला यकृत कुठल्या बाजूला असतं हे माहीत नव्हतं. मी उजवीकडून बघत राहायचो.

या वर्षीच्या आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, चिखलातून घरी येताना तुका पाड्याखालच्या झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायला. वरच्या उतारावर माणसं परसाकडे बसतात, पाऊस ते सगळं धुऊन झऱ्यात आणतो. त्या पाण्यातून एक विषाणू आला आणि थेट माझ्या खोल्यांत घुसला. काही आठवडे तो गुपचूप वाढला. मग मी सुजलो. रक्तातल्या लाल पेशी म्हाताऱ्या होऊन मोडतात, त्यांचा पिवळा गाळ मी एरवी पित्तात घालून बाहेर काढतो. आता गाळ तुंबला आणि रक्तातून तुकाच्या डोळ्यांत जाऊन बसला. त्याची भूक गेली. भाकरीचा वास आला की त्याला उलटी यायची. लघवी काळ्या चहासारखी झाली.

मोखाड्याला बाजाराला जाताना पांड्याच्या जीपच्या आरशात तुकाने आपले डोळे पाहिले. त्या रंगाला साऱ्या मुलखात त्याच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. बाजारात उतरल्यावर त्याने मीठ घेतलं नाही, सुकट घेतली नाही. आधी काळा गॉगल घेतला.

"ह्ये काय डोळ्यांवर?" येसूने दारातच विचारलं.

"डोळं आलंत."

"दाखव बघू."

"जवळ नको येऊ. लागल तुला."

येसूने त्याचं जेवण ओटीवर सरकवलं आणि त्याचं अंथरूण वेगळं केलं. पाड्यातल्या पोरांना गॉगल फार आवडला. दोघातिघांनी घरी डोळे आल्याचं सांगून पाहिलं, पण त्यांना गॉगल मिळाला नाही.

मला त्याची लाज समजत होती. काविळीचं औषध देणाऱ्यालाच कावीळ झाली हे फुटलं, तर पुन्हा ओटीवर कोण चढणार? बापाचं नाव जाणार. म्हणून तो उलट्या गोठ्यामागे जाऊन करायचा आणि परत येऊन रुबाबात बसायचा.

अशात वांगणीहून सकू आली. तिला पूर्वीही एकदा त्याचं औषध लागू पडलं होतं. तुकाने तिचे हात चोळले आणि थाळीत पाहिलं. काळ्या काचेतून पाणी काळंच दिसत होतं.

"कसा रंग हाय?" त्याने विचारलं.

"मला काय ठावं? तू सांग ना, बाबा," सकू म्हणाली.

"पेशंटानं सांगायचं असतं."

"मागल्या टायमाला तूच सांगितलंस."

"आता नियम बदललाय."

सकूने वाकून बघितलं. "पिवळाच वाटतो."

"मंग उतरली."

"चष्मा काढून एकदा बघ की."

"नाय काढता येत. डोळं आलंत."

सकूने आपल्या हातांकडे बघितलं. हेच हात तो इतका वेळ धरून बसला होता. ती उठली आणि रांजणाजवळ जाऊन तेच हात पुन्हा खसाखसा धुऊन आली.

मला हसू येत होतं, पण सूज इतकी होती की हसवत नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. जयवंती आली. ती आमच्या पाड्यांची आशा कार्यकर्ती, छत्री आणि पिशवी घेऊन चिखल तुडवत सगळीकडे फिरणारी. ओटीवर तुकाची सून पुष्पा तांदूळ निवडत बसली होती. तिला सातवा महिना होता.

"वरल्या पाड्यांकडं कावीळ फिरते," जयवंती म्हणाली. "पाण्यातनं येते. बाकीचे बरे होतात, पण पोटुशीला झाली तर ती आईला पण नेते, पोराला पण नेते. आजा, तुझ्याकडं माणसं येतात. ह्या झऱ्यावरचं कोणी पिवळं दिसलं का? दिसलं तर मी आजच पाणी तपासायला लावते, पावडर टाकून घेते."

तुकाने गॉगल सारखा केला. "नाय. इकडं कोणी नाय."

पुष्पाला बसून बसून तहान लागली असावी. तिने रांजणातून तांब्या भरला, झऱ्याच्याच पाण्याचा, आणि तो घटाघटा रिकामा केला. मित्रांनो, मला तोंड नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. तिच्या पोटात एक माझ्यासारखं आणि त्याच्या शेजारी, तिच्या लेकराच्या पोटात, अजून एक लिंबाएवढं होतं. मी ताणून ताणून तुकाला एक कळ दिली. त्याने डावी कुशी दाबली.

आपली कावीळ आपण उतरवायची नाही, असाही नेम आहे. म्हणून तुकाने जव्हारची वाट धरली. शिरपामाळाच्या पलीकडे एका पाड्यात धोंडीबाई काविळीचं औषध देते, हे त्याला ऐकून माहीत होतं. तिच्याबद्दल चारचौघांत तो 'तिला काय येतं' असंच म्हणायचा.

"नाव?" धोंडीबाईने विचारलं.

"पांड्या," तुका म्हणाला. जीपवाल्याचं नाव तोंडात आलं ते त्याने सांगून टाकलं.

धोंडीबाईने त्याचे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. "पांड्या, तुझी बोटं चुन्यानं खाल्लीत."

"पान खातो."

"दहा बोटांनी?"

तिने हात चोळले. आणि धंद्यातला माणूस तो, थाळीत पाणी पडल्यावर त्याला राहवेना. त्याने गॉगल काढून शेजारी ठेवला आणि वाकून बघितलं.

"उतरली," तो सवयीने म्हणाला.

"थाळीत उतरली," धोंडीबाई त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "डोळ्यांत आहे तिथंच हाय. तू मोखाड्याकडला तुका ना? जाऊ दे, लाजू नको. मागल्या साली मला पण झाली. जव्हारला दवाखान्यात पडून होते. पाड्यात सांगितलं, लेकीकडं गेलेय."

तुका हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, त्याने मलाही जरा मोकळं वाटलं. मग धोंडीबाईने विचारलं, "घरात कोणी पोटुशी हाय?"

"सून हाय."

धोंडीबाईने थाळी बाजूला ठेवली. "दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक पोर होती. पोटुशी. हीच कावीळ. सकाळी मला म्हणाली, मावशी, पोरगी झाली तर नाव काय ठेवू? मी म्हटलं, ठेव तुझ्या आवडीचं. सांजच्याला ती कोणाला ओळखेना. डाक्टर लोकांनी लय केलं." तिने तुकाकडे बघितलं. "तुझी सून कुठलं पाणी पिते?"

तुका उठला. त्याने पायताण घातलं ते उलटसुलट पायांत. गॉगल तिथेच राहिला. परतीच्या जीपमध्ये माणसांनी त्याचे डोळे बघितले आणि भरलेल्या जीपमध्ये त्याला ऐसपैस जागा मिळाली. मला मात्र त्याच्या अंगातली घाई कळत होती. हृदय धावत होतं, आणि मी सुजलेल्या अंगाने त्याला साखर पुरवत होतो. त्या दिवशी आम्ही दोघांनी भांडण बाजूला ठेवलं.

रविवार होता. ओटीवर पेशंट आणि पाड्यातली माणसं बसली होती. पुष्पा तांब्या घेऊन सगळ्यांना पाणी देत होती. तुका अंगणात आला आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या डोळ्यांवर गेल्या.

"तुका, तुलाच?" म्हातारा मालू म्हणाला.

"मलाच," तुका म्हणाला. "डोळं आलं नव्हतं. खोटं होतं ते. मला कावीळ झालीय, ह्या आपल्या झऱ्याच्या पाण्यानं."

दोघंजण हळूच उठून चपला शोधू लागले. त्यांचंही चूक नव्हतं. तुकाने पुष्पाच्या हातातला तांब्या घेतला आणि अंगणात उपडा केला. मग तो ओटीच्या पायरीवर उभा राहिला आणि पथ्य सांगताना त्याचा जसा आवाज लागतो त्या आवाजात बोलला.

"पथ्य ऐका. आजपासून पाणी उकळल्याबिगर प्यायचं नाय. उकळी फुटली की लगेच नाय उतरवायचं, जरा फुटू द्यायची. परसाकडनं आलं की साबणानं हात. झऱ्याच्या वर कोणी बसायचं नाय. ज्यानं ह्ये मोडलं त्याला औषध लागू पडणार नाय. माझं नाय, धोंडीबाईचं नाय, कोणाचंच नाय."

चपला शोधणारे थांबले. आमच्याकडे सल्ला म्हणजे एका कानाने ऐकायची गोष्ट, पण पथ्य मोडायची छाती कोणाची होत नाही. त्याच संध्याकाळी प्रत्येक चुलीवर पाण्याचं भांडं चढलं. जयवंती आली, घराघरांतून वाफ निघताना बघितली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी दोन साल हेच बोलते," ती म्हणाली. "तेव्हा लाकडं ओली होती सगळ्यांची."

"तू सांगत होतीस, पोरी," मालू म्हणाला. "ह्ये पथ्य हाय."

जयवंतीने कपाळाला हात लावला. मग मात्र तिने वेळ घालवला नाही. पाणी तपासायला पाठवलं, झऱ्यात पावडर टाकून घेतली, आणि तुका-पुष्पाला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तुकाला आडवं केलं, उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली आणि म्हणाले, "श्वास घ्या." मी खाली सरकलो आणि त्यांच्या बोटांना भेटलो. साठ वर्षांत माझ्या दारावर पहिली टकटक. मला भरून आलं, आणि तुका "आई गं" म्हणाला.

"यकृत सुजलंय," डॉक्टर म्हणाले.

"ते हिकडं असतं?" तुकाने विचारलं. डॉक्टरांना वाटलं, पेशंट अडाणी आहे. पेशंट किती थोर वैद्य आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "पडून राहा. तेलकट नको, दारू नको, पाणी उकळून."

तुका उठून बसला. "मंग तुम्ही अन् मी एकच देताव."

"देत असू," डॉक्टर हसले. "पण मी आधी रक्त बघतो. कोण घरी पडून बरा होईल आणि कोणाला खाटेवरून हलवायचं नाही, ते त्यात कळतं. थाळीत कळतं का?"

पुष्पाचं रक्त ठीक निघालं. त्या कागदाकडे तुका बघत बसला होता, आणि त्याला तर वाचताही येत नाही.

मी हळूहळू बरा झालो. आता तुका पेशंटची थाळी धरतो, बापाचा नेम तो मोडणार नाही. पण आधी दवाखान्याचा रक्ताचा कागद मागतो, आणि पोटुशी बाई आली तर तिला ओटीवर बसूही देत नाही, सरळ पांड्याच्या जीपमध्ये बसवतो. पोट उजवीकडे दाबतो. पेशंट सांगतात, "बाबा, आधी तू डावीकडं दाबायचास." तो म्हणतो, "तेव्हा नियम वेगळा होता."

भात कापणीला आला तेव्हा पुष्पाला दवाखान्यात मुलगी झाली. दोन दिवसांनी पोर पिवळी दिसायला लागली. तुकाचं तोंड उतरलं. नर्सबाईंनी समजावलं की नव्या बाळांना असं पुष्कळदा होतं, त्यांचं यकृत अजून कामाला सरावलेलं नसतं. त्यांनी तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, दूध पाजत राहायला सांगितलं, रक्त पुन्हा बघितलं आणि मग घरी पाठवलं. अंगावर थोडी छटा होती, ती जाईल म्हणाल्या.

घरी ओटीवर तुका आडवा झाला आणि येसूने पोर त्याच्या पोटावर झोपवली, नेमकी माझ्यावर. दोन कातड्यांच्या पलीकडे तिचं इवलं यकृत होतं. नवखं, गोंधळलेलं, एकदम सगळी कामं अंगावर पडलेलं. मी त्याला म्हणालो, घाबरू नकोस. मलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं. आईचं दूध येतंय, ती पिते ते पाणी उकळलेलं आहे, आपल्याला एवढं पुरतं.

मित्रांनो, तुमच्याही उजव्या बरगडीखाली असा एकजण आहे. तो हाक मारणार नाही, रुसणार नाही, सुट्टी मागणार नाही. त्याच्यासाठी पाणी उकळा, हात धुवा. डोळे पिवळे दिसले तर लपवू नका, कारण तुमच्या शेजारी कोण तांब्या भरून पितंय ते तुम्हाला माहीत नसतं.

काही दिवसांनी येसूने पोरीला अंगणात उजेडाला धरलं आणि पापणी उघडून बघितलं. डोळा पांढरा स्वच्छ होता. मालू काठी टेकत बघायला आला.

"कोणी उतरवली रं?" त्याने विचारलं. "तू का धोंडीबाईनं?"

तुकाने पोरीच्या उजव्या कुशीवर आपला चुन्याने खाल्लेला हात ठेवला.

"तिची तिनंच," तो म्हणाला.